पाचातली दोन

पूर्णा स्टेशनाबाहेर, मोबाईल दुकानाच्या माळ्यावर,
मुजम्मिलनं नकाशा फ्लेक्सच्या पाठीवर काढलाय.
उलटा केला की
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा,
सोन्याच्या साखळ्या, हसणारे दात.
सुलटा, म्हणजे आमच्यासाठी सुलटा,
षटकोनी घरांचं एक युद्ध:
दोन नद्या, एक खिंड, काठावर निळं,
जिथं समुद्र आहे असं चौघांनी बहुमतानं ठरवलं.
समुद्र फक्त रेणुकानं बघितलाय, नर्सिंगच्या ट्रिपला.

माझी फौज तुरीच्या डाळीची.
शुद्धोधनची भंगारातल्या वायसरांची.
रेणुकाची, सलाईनच्या बाटल्यांची बुचं.
मुजम्मिलचे रणगाडे म्हणजे जळालेले चार्जर,
पिना वाकवून तोफा केलेले.

नियम असा:
पाच कार्डं उचलायची, दोन ठेवायची,
तीन पालथी परत.
काय ठेवलं ते सांगायचं नाही.
काय टाकलं ते तर नाहीच नाही.

माझ्या हातात
तेलविहिरी, गुण पाच; पण वाटेत खिंड आणि खिंडीत शुद्धोधन.
राजधानी, गुण आठ; सगळे तिकडंच पळतात, म्हणून वाईट.
बंदर, चार.
पूल, दोन, स्वस्त, माझ्या डाळीपासून तीन घरांवर.
आणि मुजम्मिलच्या गिचमिड अक्षरात:
जंक्शन. कब्जा केल्यास तीन. उद्ध्वस्त केल्यास सहा.

"काय करूलालास रे, अंडी उबवूलालास का?"

मी हिशोब करतो. सहा न् दोन आठ.
आधी पूल, मग नदीकाठानं वर,
चौथ्या डावात यार्डावर तोफा.
नकाशावर जंक्शन म्हणजे
एका काळ्या ठिपक्यात शिरलेले तीन रूळ.
एक मनमाडकडं, माझं डोकं आपोआप म्हणतं,
एक नांदेडला, एक अकोल्याला.
मुजम्मिलनं नाव लिहिलेलं नाही. गरज काय.

बाबा पॉइंट्समन. लिव्हर ओढून ओढून
उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली.
रात्री शंटिंग बंद पडलं
की अख्खी कॉलनी जागी व्हायची,
आवाजानं नाही,
आवाज थांबला म्हणून.

मी ते कार्ड परत टाकतो.
बंदर ठेवतो, पूल ठेवतो.
उगाच जरा बरं वाटतं,
कुणाला तरी वाचवल्यासारखं.

सहाव्या डावापर्यंत
जंक्शनकडं कुणीच फिरकत नाही.
ना कब्जा, ना बॉम्ब.
बुचं राजधानीत मारामाऱ्या करतात,
वायसर खिंडीतून घरंगळतात,
माझी डाळ खाऱ्या पाण्याला लागते.
काळा ठिपका तसाच.
त्याच्यावर शुद्धोधननं चहाचा कप ठेवलाय.

तोही लोको कॉलनीचा.
कप न उचलता म्हणतो,
"आपल्याकडं तरी कुठं कोण तोफा घेऊन आलतं?"

मला दिसतं, लांब कुठंतरी
पंख्याखाली एक टेबल, टेबलावर पाच फायली,
एक माणूस, वाईट नसलेला, घाईतला.
दोन ठेवतो,
तीन पालथ्या परत.

मग क्वार्टरांची दारं-खिडक्या लोकांनी नेल्या,
मग कौलं, शेवटी विटा.
रिटायर झाल्यावरही बाबा
पहाटे तीनला उठून बसायचे,
कान देऊन.

सातवा डाव माझा.
बंदरातून दोन दाणे उचलतो
आणि नेतो तिथं, जिथं आता मला एकही गुण नाही.
"उधर क्या है मियाँ?" मुजम्मिल वैतागतो.
शुद्धोधन कप उचलतो.
ठिपक्याभोवती चहाचं ओलं वर्तुळ, अर्धवट.

"बंदर जातंय तुझं," रेणुका सांगते,
आणि घेतेही.

खाली अकोल्याकडची गाडी शिट्टी देते.
बावीस मिनिटं लेट, शुद्धोधन म्हणतो,
घड्याळ न बघता,
आणि फासे पुढं सरकवतो.